ठोकळ्याला चेहरा मुलांनाच देऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीच्या तोंडावर मुलांच्या खेळण्यांबद्दल जे लेख येतात, त्यांत लाकडी ठोकळ्यांचा उल्लेख हमखास असतो आणि 'कल्पनाशक्तीला चालना मिळते' एवढ्यावर तो आटोपतो. ठोकळे कोणत्या मापाचे असावेत, किती असावेत, मुलांच्या हाती दिल्यावर मोठ्यांनी काय करावं आणि काय टाळावं, यावर सहसा कोणी लिहीत नाही. ठोकळे घडवणारे आणि ते वर्गात रोज वापरणारे असे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत. पत्र लांबलं आहे याची जाणीव आहे. पण मापं न सांगता या विषयावर लिहिण्यात अर्थ नाही.

पत्राला निमित्त आहे ते डोळे, नाक आणि हसरं तोंड छापून 'पात्रांचे संच' म्हणून विकल्या जाणाऱ्या ठोकळ्यांचं. ते दिसायला छान असतात आणि मूल लगेच हात पुढे करतं. अडचण नंतर येते. हसरं तोंड छापलेला ठोकळा गोष्टीत रुसू शकत नाही, घाबरू शकत नाही, झोपूही शकत नाही. शिवाय तो पुलाचा खांब किंवा घराची पायरी व्हायला नकार देतो, कारण पायरीला डोळे कसे असतील, असं मूलच विचारतं. म्हणजे पैसे ठोकळ्यांचे दिले आणि हाती आल्या बाहुल्या. साध्या, कोऱ्या ठोकळ्यातून पात्र घडवणं ही मुलांना सहज जमणारी गोष्ट आहे. ती त्यांच्या हातून काढून घेऊ नये, एवढंच आमचं मागणं आहे.

कोऱ्या ठोकळ्यांची परंपरा जुनी आहे. जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी केंद्र सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्यांच्या खेळसाहित्यातला एक संच म्हणजे दोन इंचांचा घन कापून केलेले एकेक इंचाचे आठ घन. त्यांचा आग्रह असा की रचना करताना एकही ठोकळा बाजूला उरू नये, आणि नवी रचना करताना जुनी पाडू नये, ठोकळे सरकवत तिचंच रूप पालटावं. पात्रं घडवताना ही दुसरी शिस्त फार उपयोगी पडते. खुर्ची मोडून माणूस करण्याऐवजी खुर्चीचाच माणूस होऊ लागला की मूल प्रत्येक ठोकळ्याकडे नव्याने बघतं.

आज बहुतेक चांगल्या संचांमागे जे माप आहे ते मात्र अमेरिकेतल्या कॅरोलाइन प्रॅट यांचं. त्यांनी १९१४ साली न्यूयॉर्कमध्ये शाळा सुरू केली. त्यांच्या मूळ ठोकळ्याची लांबी, रुंदी आणि जाडी ४:२:१ या प्रमाणात आहे. सेंटीमीटरमध्ये साधारण १४ × ७ × ३.५. अर्धा ठोकळा ७ × ७ × ३.५, दुप्पट २८ × ७ × ३.५. दोन अर्धे म्हणजे एक पूर्ण, दोन पूर्ण म्हणजे एक दुप्पट. या हिशेबामुळे कुठलाही ठोकळा कुठेही बसतो आणि चार वर्षांचं मूल अपूर्णांक हे नाव न ऐकता अपूर्णांक हाताळतं.

संख्येबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. वीस ठोकळ्यांच्या डब्यात एक घर होतं, मग त्या घरात राहायला कोणी उरत नाही. एका मुलासाठी निदान साठ तरी हवेत: पूर्ण २०, अर्धे १६, दुप्पट ८, चौकोनी खांब (१४ × ३.५ × ३.५) ८, त्रिकोणी ४ आणि गोल खांब ४. दोन मुलं एकत्र खेळणार असतील तर शंभरच्या आसपास. खर्चाला आवर घालायचा असेल तर कमानी, रंगीत काचा, घुमट हे सगळं सोडा. पण अर्धे ठोकळे कमी करू नका. पात्रं त्यांच्यातूनच होतात.

कोणी सुताराकडून ठोकळे करून घेणार असेल तर दोन-तीन गोष्टी आधीच बोलून ठेवाव्यात. लाकूड पुरेसं वाळलेलं हवं. ओलं लाकूड वाळताना रुंदीत आणि जाडीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे ७ सेंमीची रुंदी ६.८ होते, लांबी १४ च राहते आणि सगळं प्रमाण बिघडतं. दुसरी चूक कापताना होते. फळीवर चौदा-चौदा सेंमीच्या खुणा ओळीने करून कापलं तर करवतीच्या पात्याची जाडी दर वेळी ठोकळ्यातून वजा होते. म्हणून खुणा न करता पात्यापासून चौदा सेंमीवर एक अडणा, म्हणजे टेकण, पक्का बसवावा आणि प्रत्येक तुकडा त्याला टेकवून कापावा. फरक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. दहा ठोकळ्यांच्या मनोऱ्यात तो साठत जातो, आणि मूल समजतं की आपलाच हात चुकतोय. कडा १२० आणि मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने दीड-दोन मिलिमीटर गोलवाव्यात, त्याहून जास्त नाही; टेकायची जागा कमी झाली की ठोकळा डुलतो. शेवटी ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, उभे राहिलेले रेषे २४० नंबरने घासावेत. चकचकीत वार्निश नको, ठोकळे एकमेकांवरून घसरतात. जवसाच्या कच्च्या तेलाचा एक पातळ हात पुरे. तेल पुसलेली फडकी मात्र बोळा करून टाकू नयेत, पसरून वाळवावीत, कारण तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो.

आता पात्रांकडे वळतो. दोन वर्षांच्या मुलाचं पात्र म्हणजे हातातला एक ठोकळा आणि त्याचा आवाज. तो ढकलला की गाडी, उड्या मारत नेला की बेडूक. अमेरिकेतल्या बालशिक्षणतज्ज्ञ हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ मध्ये ठोकळ्यांच्या खेळाचे टप्पे नोंदवले ते असे: आधी नुसतं इकडून तिकडे नेणं, मग रांगा आणि मनोरे, मग दोन ठोकळ्यांवर तिसरा टाकून पूल, मग चारी बाजूंनी कुंपण, मग नक्षी, आणि त्यानंतर रचनेला नाव देऊन तिच्याभोवती नाटक. हा क्रम आजही दिसतो. म्हणून अडीच वर्षांच्या मुलाकडून 'माणूस कर' अशी अपेक्षा धरू नये. कुंपण जमू लागलं की आत कोणीतरी राहायला येतंच.

पात्राची सुरुवात चेहऱ्यापासून होत नाही, उभं राहण्यापासून होते. एकच पूर्ण ठोकळा घ्या. उभा ठेवला तर तो ताठ, थोडा गर्विष्ठ वाटतो. आडवा ठेवला की झोपला. दुसऱ्या ठोकळ्याला तिरका टेकवला तर दमला, किंवा मैत्रीत आला. दोन उभे ठोकळे एकमेकांपासून दोन बोटांवर ठेवले तर गप्पा चालल्या आहेत, हातभर लांब ठेवले तर भांडण झालं आहे, आणि पाच ठोकळ्यांच्या घोळक्यापासून सहावा बाजूला ठेवला तर तो कोण आणि असा का उभा आहे, हे मुलं लगेच सांगू लागतात. यासाठी ना रंग लागतो ना डोळे. पहिले काही दिवस एवढंच करावं. घाईने चेहऱ्यावर गेलेली मुलं पुढे सगळी पात्रं एकाच जागी, एकाच रांगेत, समोर बघत उभी करतात.

मग शरीर. पूर्ण ठोकळा उभा करून त्यावर अर्धा ठोकळा कडेवर उभा ठेवला की २१ सेंमी उंचीचा माणूस होतो, पण तो टिकत नाही. उंची २१ आणि तळाची जाडी फक्त साडेतीन, म्हणून जरा धक्का लागला की पुढे किंवा मागे पडतो. उपाय सोपा आहे. दोन अर्धे ठोकळे एकमेकांवर आडवे ठेवले की ७ सेंमीचा घन होतो. असे तीन घन, म्हणजे सहा अर्धे ठोकळे, एकावर एक ठेवले की पाय, धड आणि डोकं तयार. उंची तीच २१, पण तळ ७ × ७. हा माणूस धक्का सोसतो. दोन अर्धे उभे करून शेजारी शेजारी जोडले तरी घन होतो, पण वरच्या बाजूला दोघांच्या उंचीत केसभर जरी फरक असला तर वरचा घन डुगडुगतो. म्हणून आडवेच ठेवावेत.

या माणसाचं डोकं उंचीच्या एक तृतीयांश आहे. मोठ्या माणसाचं डोकं उंचीच्या साधारण साडेसाताव्या भागाएवढं असतं, वर्षभराच्या बाळाचं चौथ्या भागाएवढं. त्यामुळे तीन घनांचा माणूस आपोआप बाळसेदार, गोड दिसतो. राक्षस हवा असेल तर धडाचे तीन घन ठेवावेत आणि डोक्याला एकच अर्धा ठोकळा आडवा ठेवावा. उंची साडेचोवीस, डोकं फक्त साडेतीन, म्हणजे सातवा भाग. एकाही रेषेशिवाय तो दांडगा दिसतो. हे मुलांना समजावून सांगण्यापेक्षा दोघांना शेजारी उभं करून 'यांच्यात थोरला कोण?' एवढंच विचारावं.

पात्र जमलं की नाही हे तपासायला सावली वापरावी. खोलीत थोडा अंधार करून पात्र भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवावं आणि दोन मीटरवरून विजेरी धरावी. सावली पाहून बाकीच्या मुलांना पात्र ओळखू आलं तर आकार पक्का आहे. ओळखू आलं नाही तर रंगरंगोटीने भागणार नाही, ठोकळाच हलवायला हवा. बहुधा काहीतरी बाहेर यायला हवं असतं: नाक, टोपी, पाठीवरचं ओझं, शेपटी.

बाहेर काढायचं म्हटलं की तोल आला, आणि लांब मानेचे प्राणी इथेच कोसळतात. चौदा सेंमीचे ठोकळे एकावर एक ठेवून पुढे सरकवत न्यायचे असतील तर सर्वांत वरचा आपल्या लांबीच्या निम्म्याने पुढे जाऊ शकतो, त्याखालचा एक चतुर्थांशाने, त्याखालचा एक षष्ठांशाने. गणिताने ७, साडेतीन आणि २.३ सेंमी होतात. पण कडा गोल असल्यामुळे प्रत्यक्षात ६, ३ आणि २ धरावेत. मुलं नेमकं उलटं करतात, खालचा ठोकळा जास्त पुढे काढतात आणि वर आणखी ओझं घालतात. मोठ्यांनी ठोकळा सरकवून देऊ नये. 'सगळ्यांत जास्त पुढे कुठला जाऊ शकेल?' असं विचारून थांबावं. दुसरा मार्ग शेपटीचा. चार पायांवर दुप्पट ठोकळा पाठ म्हणून ठेवला आणि एका टोकाला डोकं चढवलं की प्राणी पुढे कलंडतो. तेवढ्याच वजनाचा ठोकळा दुसऱ्या टोकाला ठेवला की स्थिरावतो. शेपटी कशासाठी असते, याचं एक उत्तर मुलांना असं हातानेच मिळतं.

चेहरा हवाच असेल तर तो काढता-घालता यावा. ठोकळ्यावर थेट रंग किंवा स्टिकर नको. रंग कोपऱ्यांवर टवका उडून जातो आणि स्टिकरचा गोंद लाकडात शिरतो. कोऱ्या लाकडावर खडूने काढलेलं तोंड ओलसर फडक्याने पुसता येतं, तेही चालेल. पण सर्वांत चांगली कागदाची पट्टी. ए-४ कागदाची लांब बाजू २९.७ सेंमी आणि ७ सेंमीच्या घनाचा वेढा २८ सेंमी, त्यामुळे चिकटवायला दीडेक सेंमी आयतं उरतं. कागद लांबीच्या दिशेने ६.७ सेंमी रुंदीच्या तीन पट्ट्यांत कापावा: एक डोक्याची, एक धडाची, एक पायांची. रुंदी सातऐवजी ६.७ यासाठी की कागद ठोकळ्याच्या वर डोकावला तर वरचा घन त्यावर बसून हलतो. पट्टी ठोकळ्याभोवती गुंडाळूनच घड्या पाडाव्यात, फूटपट्टीने नाही. आधी घड्या, मग चित्र. नाहीतर नाक नेमकं कोपऱ्यावर येतं. चिकटवताना कागद आणि लाकूड यांच्यामध्ये एका बाजूला जाड कागदाचा तुकडा घालावा आणि नंतर ओढून काढावा, म्हणजे पट्टी हलक्या हाताने चढते-उतरते. वहीचा पातळ कागद दोन दिवसांत फाटतो. १२० ते १६० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) चित्रकलेचा कागद बरा.

प्रत्येक पट्टीला चार बाजू, म्हणजे डोक्याच्या एका पट्टीवर चार चेहरे. ठोकळा फिरवला की तोच माणूस रागावतो, हसतो, घाबरतो. तीन पट्ट्यांच्या चार-चार बाजू मिळून ६४ जोड्या होतात, आणि त्या एकाच कागदातून. यात एक काळजी घ्यावी लागते. डोक्याच्या खालच्या कडेवर आणि धडाच्या वरच्या कडेवर मानेच्या खुणा जुळल्या पाहिजेत: मान अडीच सेंमी रुंद, बरोबर मध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वादोन सेंमी सोडून. कमरेला ४ सेंमी, दोन्ही बाजूंना दीड. एवढ्या खुणा मोठ्यांनी करून द्याव्यात आणि बाकी पट्टी कोरी ठेवावी. खुणा नसतील तर डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे जातं, आणि मुलांचा उत्साह तिथेच मावळतो.

चेहरा काढताना डोळे बाजूच्या मध्यावर, म्हणजे वरून साडेतीन सेंमीवर काढले तर माणूस प्रौढ दिसतो. आणखी एक सेंमी खाली आणले तर तोच लहान होतो. कपाळ मोठं आणि डोळे खाली ही बाळाच्या चेहऱ्याची ओळख प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडली होती. भावना मात्र डोळ्यांपेक्षा भुवयांवर जास्त ठरतात. तोंडाची सरळ रेघ तशीच ठेवून भुवयांची आतली टोकं खाली केली तर राग, वर केली तर दुःख. सहा-सात वर्षांच्या मुलांना हे एकदा सापडलं की पुढचा तासभर ती दुसरं काही करत नाहीत.

सजावटीच्या नादात बटणं, मणी, टिकल्या डोळे म्हणून चिकटवू नयेत. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी जी नळी तपासणीला वापरतात तिचा व्यास ३१.७ मिमी असतो. तिच्यात पूर्ण मावणारी कुठलीही वस्तू घशात अडकू शकते. आपला सर्वांत बारीक खांब साडेतीन सेंमीचा आहे, तो त्यात जात नाही; बटण सहज जातं. लोहचुंबक तर कोणत्याही वयाच्या मुलाच्या ठोकळ्यात ठोकून बसवू नये. गिळलेले दोन ताकदवान चुंबक आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकांना खेचतात आणि आतडं फाटतं. वजनाचंही भान असावं. टणक लाकडाचा पूर्ण ठोकळा पाव किलोच्या आसपास भरतो, दुप्पट अर्धा किलो. म्हणून दुप्पट ठोकळे मुलाच्या छातीच्या वर रचू देऊ नयेत. साठ ठोकळ्यांचं ओझं बारा किलोंपर्यंत जातं. ते पेटीत भरलं तर अर्धे ठोकळे तळाशी जातात आणि कधी वर येत नाहीत. जमिनीलगतच्या फळीवर, प्रत्येक आकाराची बाह्यरेषा कागदावर काढून चिकटवावी आणि तिथेच ते ठेवावेत. धुवायला पाण्यात बुडवू नयेत, फुगतात. पिळलेल्या फडक्याने पुसावेत.

मोठ्यांनी काय बोलावं, हेही महत्त्वाचं आहे. 'हे काय केलंस?' हा प्रश्न लहान मुलाला पेचात टाकतो, कारण बऱ्याचदा ते अजून ठरलेलं नसतं. मग ते आपल्याला खूश करायला काहीतरी नाव सांगतं आणि त्या नावापाशी अडकतं. त्याऐवजी जे दिसतं ते बोलावं: 'याची मान खूप पुढे आली आहे.' 'हा एकटाच भिंतीकडे तोंड करून उभा आहे.' पाच वर्षांपुढच्या मुलांना प्रश्न चालतात, पण ते पात्राच्या गरजेचे असावेत. याला या दारातून जायचं असेल तर वाकावं लागेल का? तो कोणाला घाबरतो? त्याला काय हवं आहे आणि ते कोण देत नाही? दाराच्या प्रश्नातून मूल माप घ्यायला लागतं. एकवीस सेंमीच्या माणसासाठी दार एका उभ्या ठोकळ्याचं, म्हणजे १४ सेंमीचं केलेलं असतं, मग ते एका उभ्या ठोकळ्यावर एक अर्धा उभा ठेवून २१ करतं, माणूस अडकतो, आणि मग आणखी एक अर्धा आडवा वर चढतो, साडेचोवीस होतात. हा सगळा व्यवहार बघत गप्प राहणं मोठ्यांना अवघड जातं, पण गप्पच राहावं. आणि शक्य असेल तिथे रचना रात्रभर तशीच ठेवू द्यावी. दुसऱ्या दिवशी त्याच माणसांची गोष्ट पुढे सरकते. रोज आवरायला लावलं तर रोज फक्त घर बांधून होतं.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. मुलांच्या पुरवणीत वर दिलेल्या मापाच्या, २९.७ × ६.७ सेंमीच्या, तीन पट्ट्या खऱ्या आकारात छापाव्यात. घडीच्या चार रेषा, मानेच्या आणि कमरेच्या खुणा, बस्स. वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो, म्हणून पट्टी जाड कागदावर चिकटवायची सूचना सोबत द्यावी. खळ पातळ लावावी आणि पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवावं, नाहीतर ओला कागद ताणला जाऊन माप दोन-तीन मिलिमीटरने चुकतं. आपले चित्रकार त्यावर सुंदर चेहरे काढू शकतील याबद्दल शंका नाही, पण या वेळी त्यांनी एकही चेहरा काढू नये. बाराच्या बारा चौकोन कोरे छापावेत.

आपले,
लाकडी ठोकळे घडवणारे आणि वर्गात वापरणारे काही वाचक